पाच इनडोअर, एक आउटडोअर

थंडी म्हणजे काय हे माझ्या व्याह्यांना महाबळेश्वरच्या एका सहलीत समजलं, आणि तेवढ्या भांडवलावर त्यांनी कॅनडातल्या घराचं हीटिंग ठरवायला घेतलं.

मुलगी आणि जावई तिथे पाच वर्षं भाड्याच्या घरात होते. उन्हाळ्यात त्यांनी एक जुनं, लाकडी, दुमजली घर विकत घेतलं. सप्टेंबरमध्ये तपासणीला आलेल्या माणसाने तळघरातली तेलावर चालणारी भट्टी बघितली, तिला लाल चिठ्ठी चिकटवली आणि ही पुन्हा पेटवायची नाही असं सांगून तो गेला. तिथे नोव्हेंबरात बर्फ पडायला लागतो. मुलीला जानेवारीची तारीख दिली होती. म्हणजे बाळ घरी येईल तेव्हा बाहेर उणे वीस असणार, आणि आत किती असेल हे आम्ही मोठी माणसं पुढच्या दोन महिन्यांत किती शहाणपणाने वागतो यावर होतं. शहाणपणाचा साठा किती आहे ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

मुलीने मला विचारलं, कारण भाईंदरच्या एका एसीच्या दुकानात मी एकोणीस वर्षं काउंटर सांभाळतेय. विक्री, बसवणं, दुरुस्ती, सगळं तिथूनच जातं. तिला जे बसवायचं होतं त्याला तिथे हीट पंप म्हणतात. आपला भिंतीवरचा एसीच तो, फक्त उलटा चालणारा. बाहेरच्या थंड हवेतसुद्धा जी थोडीफार ऊब असते ती ओढून आत आणून टाकतो. उणे वीसमध्ये कसली ऊब, असं मलाही वाटलं होतं. पण मी माहितीपुस्तक मागवून वाचलं. हा माझ्यात आणि बाकीच्यांत फरक.

एकोणीस वर्षांत माणसं एसी कसा घेतात हे मी बघितलंय. खोली किती बाय किती विचारलं की म्हणतात, "मोठी आहे." खिडकी पश्चिमेला आहे का, वर गच्ची आहे का, असं विचारलं की मी वेळ काढतेय असं त्यांना वाटतं. "भाभी, बाजूवाले ने डेढ टन लगाया है, अपने को दो टन दे दो." बाजूवाल्याची खोली आणि यांची खोली एकाच बिल्डरने एकाच मापाने बांधलेली असते. मग ते दोन टनाचं मशीन दहा मिनिटांत खोली गार करून थांबतं, हवेतली चिकचिक तशीच राहते आणि माणूस महिनाभरात तक्रार घेऊन काउंटरवर उभा. मशीन खराब दिलंत म्हणे. मशीन चांगलंच असतं.

व्याही याच जातीतले, फक्त जास्त शिकलेले. एका सरकारी खात्यात मोठ्या जागेवर होते. तिथे त्यांच्या सहीशिवाय काही हलत नसे. निवृत्त झाल्यापासून ते सही करायला कागद शोधत फिरतात. घोडबंदरच्या बाजूला एका उंच टॉवरमध्ये राहतात. त्या सोसायटीत बाहेरून इमारत विद्रूप दिसू नये म्हणून प्रत्येक फ्लॅटला एकच आउटडोअर लावायची परवानगी आहे. म्हणून त्यांनी एका आउटडोअरवर चार इनडोअर चढवून घेतली, म्हणजे बाहेर एकच मोठं मशीन आणि चार खोल्यांत चार धाकटी. आमच्याच दुकानातून. त्यात चूक काही नाही, जागाच एक असेल तर माणूस करणार काय. पण नाइलाजाने केलेल्या गोष्टीचं तत्त्वज्ञान करू नये.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते दुकानात आले. हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये छापून आणलेलं कोटेशन.

"विहीणबाई, निर्णय झाला. पाच इनडोअर, एक आउटडोअर. फायनल."

"कोणी केला निर्णय?"

"मी आणि चिरंजीवांनी."

"आणि माझ्या मुलीने?"

"तिला या दिवसांत कशाला टेन्शन?"

मी कोटेशन बघितलं. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन बेडरूम. चारच खोल्या.

"पाचवं कुठे?"

"स्टोअररूममध्ये."

"तिथे कोण राहणार?"

"उद्या आम्ही दोघं गेलो तर?"

"तुम्ही स्टोअररूममध्ये राहणार?"

"अहो, असू दे एक जास्तीचं. चार तर आमच्याकडेच आहेत."

म्हणजे तो हिशेब होता. बापाकडे चार, तर परदेशात गेलेल्या मुलाकडे पाच.

मी त्यांना समजावलं, काउंटरवर गिऱ्हाइकांना समजावते तसंच. एवढं मोठं आउटडोअर एका लहान खोलीपुरतं हळू चालू शकत नाही. शंभर माणसांच्या पातेल्यात एका माणसाची आमटी करायला घेतल्यासारखं होतं, तळाशी लागते नाहीतर कच्ची राहते. मशीन सुरू होतं, थांबतं, पुन्हा सुरू होतं. दुसरं म्हणजे बाहेरचं ते एक मशीन बंद पडलं की सगळं घर बंद. इथे मे महिन्यात असं झालं तर माणूस पंखा लावतो आणि आम्हाला शिव्या देतो. तिथे जानेवारीत झालं तर?

"आमचं कुठे बंद पडलं?" ते म्हणाले.

या वाक्यापुढे कुठलंच शास्त्र टिकत नाही. मी त्यांना चहा मागवला.

मग मी मोजमापं घ्यायला लागले. सकाळी सातला इथून व्हिडिओ कॉल, तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेनऊ. मुलगी फोन धरायची आणि जावई टेप. कॉम्प्युटरमध्ये दोन पदव्या घेतलेल्या माणसाला टेपचं टोक भिंतीला टेकवायचं असतं हे सांगावं लागलं. पहिल्या दिवशी त्याने पडद्याच्या दांड्यापासून मापं घेतली. दुसऱ्या दिवशी इंच आणि सेंटिमीटर मिसळले, त्यात मुलीची बेडरूम आमच्या पेणकरपाड्याच्या अख्ख्या फ्लॅटपेक्षा मोठी निघाली. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "जावईबापू, टेप तिच्याकडे द्या, तुम्ही फोन धरा." मग अर्ध्या तासात काम झालं. आठव्या महिन्याकडे निघालेली बाई स्टुलावर चढून छत मोजत होती आणि हा फोन धरून खालून "जपून, जपून" म्हणत होता.

तिथला विक्रेताही काही वेगळा नव्हता. गोरा असल्याने व्याह्यांना तो इंजिनियर वाटत होता. मी मुलीला एकच प्रश्न विचारायला लावला: पुस्तकावर मोठ्या अक्षरात छापलेली ताकद ही किती थंडीत मोजलेली आहे, आणि उणे पंचवीसला त्यातली किती उरते? त्याने उत्तरादाखल हसऱ्या कुटुंबाचा फोटो असलेली आणखी एक पुस्तिका पाठवली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, आजवर कोणी विचारलं नाही. तिसऱ्यांदा त्याने तक्ता पाठवला. त्या पाच-इनडोअरवाल्या मशीनची ताकद कडाक्याच्या थंडीत निम्म्याच्या आसपास येत होती. म्हणजे नुसत्या गारव्यात सगळ्यात दांडगं, आणि खरी गरज पडेल तेव्हा अर्धं. अशी माणसंही मला माहीत आहेत.

रविवारी व्याह्यांच्या घरी बैठक झाली. टीव्हीवर मुलगी-जावई, सोफ्यावर व्याही, मध्ये मी आणि माझी वही. मी म्हटलं, खाली एक वेगळं मशीन, त्याचं स्वतःचं आउटडोअर. वर दोन बेडरूमना एका लहान आउटडोअरवर दोन इनडोअर. दोन्ही कडाक्याच्या थंडीसाठी बनवलेली. एक बंद पडलं तर दुसरं असेल. भिंतीच्या तळाशी जुने विजेचे हीटर आहेत ते काढायचे नाहीत. आणि आउटडोअर जमिनीवर ठेवायची नाहीत, कमरेएवढ्या स्टँडवर चढवायची, नाहीतर बर्फात गाडली जातील.

"तीनच?" व्याही म्हणाले. "तिथे आपली माणसं येतात-जातात. घर बघतात."

"घर बघायला येतील तेव्हा स्वेटर काढून बसतील. बाकी त्यांनी काय बघायचं?"

"बाबा, आईंचं गणित बरोबर वाटतंय," जावई घाबरत म्हणाला.

"तू गप्प बस. तुला टेप धरता येत नाही असं ऐकलं."

हे त्यांना कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. मुलगी कॅमेऱ्यातून बाजूला सरकली होती आणि तिचा खांदा हलताना दिसत होता. पुढच्या आठवड्यात तिने स्वतःच्या सहीने ऑर्डर दिली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मशीनं लागली.

डिसेंबरात तक्रार आली. घर गारच आहे. मुलगी दोन स्वेटर घालून बसते, जावई कानटोपी घालून जेवतो. व्याही त्याच दिवशी दुकानात हजर. दोन गिऱ्हाइकं उभी असताना, चांगल्या मोठ्या आवाजात: "तीन लावली ना विहीणबाईंनी. मी पाच म्हणत होतो."

गिऱ्हाइकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना दोन टन दिले असते तरी त्या दिवशी त्यांनी घेतले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला सांगितलं, फोन हातात धरून घरभर फिर. बैठकीची खोली: मशीन बंद. स्वयंपाकघराचं दार लावलेलं. वरची एक बेडरूम बंद. दुसरीच्या दाराखाली गुंडाळलेला टॉवेल, आणि आत मशीन तीसवर भणभणतंय.

"खालचं बंद का?"

"खाली कोणी नाहीये ना आता."

"आणि दिवसा?"

"दिवसा दोघं कामावर. सगळं बंद करून जातो. आल्यावर लावतो."

"आणि हा टॉवेल?"

"ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. आई, असं काय बघतेस? आपण पण असंच करायचो."

करायचो. उन्हाळ्यात नऊ वाजता एका खोलीत गाद्या टाकायच्या, दाराखाली टॉवेल सारायचा, दोन तास एसी लावायचा आणि मग बंद करून पंख्यावर झोपायचं. खोलीतून बाहेर पडलं की बटण बंद. ती लहान असताना बटण चालू राहिलं म्हणून मी तिला स्वयंपाकघरातून परत पाठवलंय, दिवसातून तीनतीनदा. पेणकरपाड्याला आमच्या दहा बाय दहाच्या खोलीला ते चालतं. दिवसभर उणे पंधरात गारठलेलं लाकडी घर, त्याच्या भिंती, फरशी, गाद्या, कपाटं, हे सगळं संध्याकाळी दोन तासांत तापत नाही. तिथे मशीन मंद आचेवर कायम चालू ठेवायचं असतं आणि दारं उघडी. हे मी वाचलं होतं. मुलीला सांगितलं नव्हतं. एसी कधी बंद करावा हे एकोणीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला शिकवायची वेळ आली नाही, त्यामुळे कधी बंद करू नये हे कुणाला सांगावं लागेल असं डोक्यातच आलं नाही. इतरांना नावं ठेवून झाली की ही एक चूक माझ्या नावावर लिहावी.

"आमच्याकडेही तेच," मागून जावई बोलला. "चार आहेत, पण लागतं एकच. बाबांच्या खोलीतलं. मे महिन्यात आम्ही सगळे तिथेच झोपायचो."

चार इनडोअर, आणि अख्खं कुटुंब एका खोलीत सतरंजीवर. आणि या माणसाने माझ्या मुलीच्या स्टोअररूमला पाचवं लावायला काढलं होतं.

"एकवीसवर ठेवा," मी म्हटलं. "तिन्ही. चोवीस तास. दारं उघडी. रिमोट उचलून कपाटात टाका."

"घरी कोणी नसलं तरी?" मुलीने विचारलं. नळ सोडून जा म्हटल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

"कोणी नसलं तरी."

दोन दिवसांत घर ऊबदार झालं. कानटोपी गेली. व्याही आठ दिवस दुकानात फिरकले नाहीत, म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

जानेवारीत एका संध्याकाळी पाचच्या सुमाराला ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले. मुलगा झाला, दोघं सुखरूप. मला जावयाचा फोन पाच मिनिटं आधी येऊन गेला होता, पण मी पेढा घेतला. चांगला दिवस होता, दुकानात मी त्यांना खुर्ची दिली.

"काल रात्रीच निघाले हॉस्पिटलला," ते म्हणाले. "धावपळीत निघताना त्याने मला फोन केला. मी म्हटलं, घर दोन दिवस रिकामं राहणार, जुनी वायरिंग, मेन स्विच पाडूनच नीघ. शॉर्ट सर्किट झालं म्हणजे? या गोष्टी कोणीतरी सुचवाव्या लागतात."

पेढा तोंडातच राहिला.

"पाडला त्याने?"

"मी सांगितल्यावर?"

मी तिथेच, त्यांच्यासमोर जावयाला फोन लावला. तिथे पहाट सरत होती. तो बाळाचं वर्णन करायला लागला, मी मध्येच तोडलं.

"मेन बंद करून आलात?"

"हो आई. काळजी करू नका, गॅस, मेन, सगळं..."

"बाहेर किती आहे?"

"उणे बावीस. बर्फ पण आहे."

"घरी कधी सोडणार आहेत?"

"उद्या सकाळी."

रागातसुद्धा जावयाला तुम्हीच म्हणायचं ही आमच्याकडची रीत आहे, त्यामुळे शिवी अर्धी वाया जाते. तरी जेवढी पोचली तेवढी पोचली. आत्ताच्या आत्ता घरी जा म्हटलं.

"आई, मी तिला असं सोडून..."

"तिच्यापाशी डॉक्टर आहेत. घराजवळ कोणी नाही. जा."

तो गेला. अर्ध्या तासाने फोन आला. घरात चार अंश होते. नळांतलं पाणी अजून गोठलं नव्हतं, हे नशीब. त्याने मेन चढवला आणि पाच मिनिटांत पुन्हा फोन: "आई, मशीन बिघडलं. गरम हवा येत नाहीये. बंद करून परत लावू का?"

"हात लावू नका. बाहेरच्या मशीनच्या पोटातलं तेल गारठलंय, ते कोमट झाल्याशिवाय ते सुरू होणार नाही. पुस्तकात लिहिलंय. तोवर भिंतीखालचे हीटर लावा. सगळे."

"आणि मी काय करू?"

"बसून राहा. दर तासाला किती झालं ते कळवा."

व्याही खुर्चीवरून उठले नव्हते. पेढ्यांचा पुडा मांडीवर, झाकण उघडंच. मी गिऱ्हाइकं बघत होते, तेही बघत होते, पण माझ्या फोनकडे. पहिला निरोप आला: पाच. दुसरा: सात. तोवर आठ वाजायला आले होते, मालकांनी अर्धं शटर ओढलं होतं.

"सातच?" ते म्हणाले. मग, "त्याला वेळेवर सांगायला हवं होतं कोणीतरी."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पुड्याचं झाकण लावलं.

"घरी जा भाऊ," मी म्हटलं. "आणि आजच्या दिवस त्याला फोन करू नका."

त्यांनी केला नाही. एवढं श्रेय त्यांना देते.

सकाळी उठून बघितलं तर निरोपांची रांग होती. नऊ. नऊ. मग वरचं मशीन सुरू झालं, बारा. खालचं सुरू झालं, चौदा. पंधरा. प्रत्येक आकड्याबरोबर त्याने भिंतीवरच्या तापमापकाचा फोटो पाठवला होता, जणू मी पुरावा मागितला होता. सोळाच्या फोटोत तापमापकाच्या काचेत त्याचाच चेहरा दिसत होता, दाढी वाढलेला, झोप नसलेला, आणि पुन्हा कानटोपी. मध्ये तो हॉस्पिटलला जाऊन आला होता, एवढंही त्याने लिहिलं होतं. मी "ठीक" असं उत्तर दिलं. मुलगी मला म्हणाली की तो "ठीक" त्याने तिला वाचून दाखवला.

त्या दिवशी दुकानात काम होतं. सोसायट्यांच्या वार्षिक कराराच्या फायली, एक फुटलेला पाइप, तारोडीला पाठवायचा माणूस. रात्री नऊला मी घरी पोचून चप्पल काढत होते तेव्हा व्हिडिओ कॉल आला. मुलगी सोफ्यावर बसली होती, अंगावर साधा गाऊन, पाय उघडे. मांडीवर बाळ, झबल्यात. मी आधी तिच्या पायांकडे बघितलं, मग बाळाकडे.

"किती आहे?"

"वीस. आई, बाळ बघ ना."

"बघतेय." बघतच होते. कपाळ आमच्याकडचं होतं, बाकी अजून काही ठरलेलं नव्हतं. तेवढ्यात ते शिंकलं. एकदा, लगेच दुसऱ्यांदा.

"सर्दी?"

"नर्स म्हणाली, लहान बाळं शिंकतात. आणि इथे धूळ आहे थोडी. मशीनमधून येते वाटतं."

"लावल्यापासून जाळ्या धुतल्या नाहीत ना?"

"आई, मी काल बाळंत झालेय."

"तुला कोण सांगतंय? त्याला उठव. पुढचं झाकण वर करायचं, जाळी खालून ओढायची. कोमट पाणी, साबण नको. पूर्ण वाळल्यावरच परत बसवायची."

"आत्ता कुठे झोपलाय तो."

"मग तासभर झोपू दे," मी म्हटलं. "आणि धुताना मशीन बंद करायचं असतं. तेवढं एकदा करायला सांग. परत चालू झालं की मला फोटो पाठव."